हरवलेल्या पूर्वपक्षाचा शोध

प्रस्तावना

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातल्या गणेशाच्या रूपकात सहा दर्शने हे गणेशाचे सहा हात आहेत. त्यांतल्या एका हातात मोडलेला दात आहे. तो दात म्हणजे वार्तिककारांनी खंडन केलेले बौद्ध मत, असे ज्ञानदेव सांगतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशात हा ग्रंथ सिद्ध झाला. या रूपकातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दात मोडलेला असला तरी तो गणेशाच्या हातातच आहे. दर्शनांच्या मूर्तीतून बौद्ध मत ज्ञानदेवांनी वगळलेले नाही.

पण तोवर परिस्थिती फार बदलली होती. नालंदा उद्ध्वस्त होऊन शतक होत आले होते आणि अजिंठ्याच्या विहारांतले पाठ केव्हाच थांबले होते. बौद्धांच्या ग्रंथांपैकी पुष्कळसे या भूमीवरून नाहीसे झाले. त्यांचे खंडन करणारे ग्रंथ मात्र राहिले आणि पाठशाळांतून शिकवले जात राहिले. आपल्याकडे शास्त्रार्थाची रीत अशी, की आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडायचा, तो प्रतिपक्षालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा आणि मग उत्तर द्यायचे. उत्तर शिल्लक राहिले आणि पूर्वपक्ष त्याच्या स्वतःच्या शब्दांत वाचायला मिळेनासा झाला, तर ती रीतच लंगडी होते. विसाव्या शतकात काही मराठी अध्यापकांनी हा हरवलेला पूर्वपक्ष शोधायला घेतला. त्यासाठी त्यांना पाली, तिबेटी आणि मुख्य म्हणजे चिनी भाषेकडे वळावे लागले. पुढील पानांत त्यांच्या अध्यापनाची आणि संशोधनाची ओळख करून दिली आहे. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७), पुरुषोत्तम विश्वनाथ बापट (१८९४–१९९१) आणि वासुदेव विश्वनाथ गोखले (१९०१–१९९१) ही तीन नावे या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहेत.

चीनकडे का वळायचे, हा प्रश्न कोणीही विचारील. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून पुढे सुमारे आठशे वर्षे भारतीय ग्रंथांचे चिनी भाषांतर चालले होते. बहुतेक वेळा ते एकट्यादुकट्याचे काम नसे. भारतातून वा मध्य आशियातून आलेला भिक्षू मूळ पाठ म्हणे, दुसरा त्याचा अर्थ सांगे, तिसरा लिहून घेई, चौथा भाषा सुधारी. राजाश्रयाने चालणारी ही भाषांतरशाळाच असे. ह्युएन त्संग हा त्या परंपरेतला सर्वांत मोठा अनुवादक. तो ६२९ साली चीनमधून निघाला, ६४१ च्या सुमारास पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या माणसांविषयी त्याने लिहून ठेवले, की उपकार करणाऱ्याशी ही माणसे कृतज्ञ असतात आणि अपमान करणाऱ्याचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत. पूर्वेकडच्या डोंगरात कोरलेल्या ज्या विहाराचे वर्णन त्याने केले आहे, ते अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि उरलेल्या सुमारे एकोणीस वर्षांत त्याने ७५ ग्रंथ चिनीत आणले.

यातले बरेच ग्रंथ बौद्धांचे असले तरी सगळे नव्हेत. वैशेषिकांचा 'दशपदार्थशास्त्र' हा ग्रंथ संस्कृतात नष्ट झाला. तो आज आपल्याला माहीत आहे तो ह्युएन त्संगाने ६४८ मध्ये केलेल्या चिनी भाषांतरामुळे. सांख्यकारिकांवरची एक जुनी टीका सहाव्या शतकात परमार्थाने चिनीत नेली, 'सुवर्णसप्तती' या नावाने. १९४४ मध्ये न. अय्यास्वामी शास्त्रींनी तिला चिनीवरून पुन्हा संस्कृत रूप दिले. म्हणजे बौद्ध भिक्षूंनी आपल्या विरोधकांचे ग्रंथही जतन केले, कारण ज्याच्याशी वाद घालायचा त्याचे म्हणणे नीट ठाऊक असले पाहिजे, हे त्यांना कळत होते. चिनी शिकणे म्हणजे परदेशाची हौस, असा आपल्याकडे समज आहे. खरे तर आपल्याच घरातली हरवलेली कागदपत्रे ज्या शेजाऱ्याने सांभाळून ठेवली आहेत, त्याच्या भाषेत ती वाचण्याची ही गरज आहे.

या अभ्यासाची सुरुवात मात्र चिनीपासून झाली नाही. गोव्यातल्या सांखवाळच्या एका तरुणाने 'बालबोध' मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि १८९९ मध्ये तो घराबाहेर पडला. पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट, काशीत संस्कृतचा अभ्यास, नेपाळ, मग श्रीलंकेत विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे पाली, नंतर ब्रह्मदेश. धर्मानंद कोसंबींचा हा प्रवास 'निवेदन' या त्यांच्या आत्मकथनात आहे आणि तो मराठी वाचकाला परिचित आहे. कमी परिचित आहे ते त्यांचे शिक्षकपण. १९१२ ते १९१८ या काळात ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. पाठ्यपुस्तके रोमन, सिंहली किंवा ब्रह्मदेशी लिपीत होती, देवनागरीत जवळजवळ काहीच नव्हते आणि हा विषय घेऊन पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी नव्हते. त्या वर्गातून जे विद्यार्थी बाहेर पडले त्यांनी पुढची पन्नास वर्षे महाराष्ट्रात पाली जिवंत ठेवली. पु. वि. बापट त्यांपैकी एक.

बापट शिकून त्याच महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांच्या ग्रंथांची यादी पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. त्यांचे पहिले महत्त्वाचे काम म्हणजे १९२४ मधली 'सुत्तनिपाता'ची देवनागरी आवृत्ती. विद्यार्थ्याला लिपीची अडचण येऊ नये यासाठी शिक्षकाने केलेले ते काम आहे. पुढे रं. द. वाडेकरांबरोबर त्यांनी 'धम्मसङ्गणी' (१९४०) आणि तिच्यावरची 'अट्ठसालिनी' (१९४२) भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतून देवनागरीत आणली. आज शोधनिबंधांच्या संख्येवर शिक्षकाचे मोल ठरते. आधी विद्यार्थ्याच्या हातात शुद्ध पाठ द्यायचा आणि मगच आपले मत मांडायचे, हा बापटांचा क्रम म्हणून मुद्दाम आठवण्यासारखा आहे.

पालीपासून चिनीकडे त्यांना नेले ते एका प्रश्नाने. पाचव्या शतकात बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्ग' लिहिला. थेरवाद या बौद्ध परंपरेचा तो आधारग्रंथ. साधकाची प्रकृती ओळखून त्याला ध्यानाचा विषय द्यावा, असे सांगताना तो राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क यांनुसार सहा प्रकारच्या प्रकृती सांगतो. या प्रकृती पूर्वीच्या सवयींमुळे आणि शरीरातल्या धातू व दोषांमुळे घडतात, असे काही जण म्हणतात, एवढे नोंदवून तो ते मत खोडून काढतो. हे काही जण कोण, ते बुद्धघोष सांगत नाही. त्याचा टीकाकार धम्मपाल सांगतो, की हे मत उपतिस्स थेरांचे, त्यांच्या 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथातले. पण विमुत्तिमग्ग पालीत कुठेच मिळत नव्हता. तो होता चिनीत. संघपाल नावाच्या भिक्षूने सहाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे भाषांतर करून ठेवले होते. जपानी विद्वान नागाई यांनी त्याकडे लक्ष वेधले होते.

बापटांनी हे चिनी भाषांतर आणि पाली विसुद्धिमग्ग ओळीओळीने ताडून पाहिले. १९३२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि १९३७ मध्ये पुण्याहून त्यांचा तौलनिक ग्रंथ प्रसिद्ध झाला. उपतिस्साचा ग्रंथ बुद्धघोषाच्या आधीचा आहे, दोघांची मांडणी कुठे जुळते, कुठे बुद्धघोष मुद्दाम वेगळी वाट धरतो, उपतिस्स सहाऐवजी चौदा प्रकृती का मानतो, हे त्यांनी दाखवून दिले. सगळ्या इंग्रजी जगाला विमुत्तिमग्ग पूर्ण वाचायला मिळाला तो १९६१ मध्ये, कोलंबोहून. त्याच्या चोवीस वर्षे आधी फर्ग्युसनच्या एका प्राध्यापकाने त्या ग्रंथाचे दार उघडून ठेवले होते. तौलनिक तत्त्वज्ञान म्हणजे काय, याचे उत्तर मला या एका उदाहरणात मिळते. ज्याचे नाव न घेता खंडन झाले, त्याला नाव परत देणे आणि त्याचे म्हणणे त्याच्या क्रमाने मांडणे, हे तौलनिक तत्त्वज्ञानाचे पहिले काम आहे.

बापटांचे दुसरे मोठे काम 'अर्थपदसूत्र'. सुत्तनिपातातला 'अट्ठकवग्ग' हा बौद्ध वाङ्मयातल्या सर्वांत जुन्या भागांपैकी एक मानला जातो. कोणत्याही मताला चिकटून बसू नये, आपलेच खरे म्हणून वाद घालणारा बंधनातच राहतो, हा त्याचा गाभा. पालीत फक्त गाथा आहेत. त्या कोणत्या प्रसंगी म्हटल्या गेल्या त्या कथा मुळात नाहीत. तिसऱ्या शतकात ची छिएन याने केलेल्या चिनी भाषांतरात मात्र गाथांबरोबर गद्य कथाही आल्या आहेत. हत्तीला चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यांतलीच. बापटांनी हे सूत्र चिनीवरून इंग्रजीत आणले आणि विश्वभारतीने ते १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. शांतिनिकेतनात १९३७ मध्ये रवींद्रनाथ आणि तान युन-शान यांच्या प्रयत्नांतून चीना-भवन सुरू झाले होते. तिथल्या वातावरणाचा हा एक परिपाक. अकिरा हिराकावा या जपानी विद्वानाबरोबर त्यांनी केलेले 'समन्तपासादिका' या विनयावरच्या (भिक्षूंच्या नियमांवरच्या) टीकेच्या चिनी रूपाचे इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये भांडारकर संस्थेने छापले. त्या वेळी बापट पंच्याहत्तरी ओलांडून गेले होते. या चिनी ग्रंथाचा अनुवादक संघभद्र कँटनला होता. विनयाच्या एका पोथीवर दर वर्षावासानंतर एक ठिपका देण्याची परंपरा होती आणि संघभद्राने ४८९ साली दिलेला ठिपका ९७५ वा होता, असे चिनी नोंदी सांगतात. त्यावरून बुद्धाचे परिनिर्वाण इ. स. पू. ४८६ मध्ये येते. बुद्धाच्या काळनिर्णयाच्या चर्चेत आजही हा ठिपक्यांचा पुरावा विचारात घ्यावा लागतो.

वा. वि. गोखल्यांची वाट थोडी वेगळी. आर्यदेवाच्या नावे असलेले 'अक्षरशतक' हे माध्यमिक संप्रदायाचे छोटे प्रकरण संस्कृतात उरलेले नाही. चिनी आणि तिबेटी साधनांवरून गोखल्यांनी ते १९३० मध्ये हायडेलबर्गहून प्रसिद्ध केले. पुढे राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातल्या मठांतून संस्कृत हस्तलिखितांची छायाचित्रे आणली. ती वाचू शकतील, तिबेटी आणि चिनी पाठांशी ताडून पाहतील, असे हात भारतात फार थोडे होते. गोखले त्यांपैकी एक होते. १९४६ मध्ये त्यांनी वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'च्या मूळ संस्कृत कारिका प्रसिद्ध केल्या आणि पुढच्या वर्षी असंगाच्या 'अभिधर्मसमुच्चया'चे तुकडे.

या दुसऱ्या कामात त्यांच्या शेजारी चिन ख-मू हा चिनी तरुण होता. १९४१ मध्ये तो भारतात आला, सारनाथला वृद्ध धर्मानंद कोसंबींकडे शिकला आणि मग पुण्यात गोखल्यांबरोबर समुच्चयाच्या पाठावर बसला. समोर तिबेटातून आलेल्या संस्कृत पोथीची छायाचित्रे, बाजूला तिबेटी भाषांतर आणि ह्युएन त्संगाचे चिनी भाषांतर. बाहेर महायुद्ध आणि इथे 'चले जाव'नंतरची धरपकड. पुढे चिन ख-मू पेकिंग विद्यापीठात संस्कृतचे मोठे अध्यापक झाले आणि चीनमध्ये भारतविद्येच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या हाताखाली घडल्या. कोसंबी आणि गोखल्यांनी दिलेले दान असे चीनपर्यंत पोहोचले. या पुस्तकातला हा भाग वाचकाने सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे.

याच वर्षांत आमच्या जिल्ह्यात काय चालले होते ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमचे घोडेगाव नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर आहे. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक इथून वळतात. शेतकऱ्याला गाव कांद्याच्या लिलावासाठी आणि जनावरांच्या बाजारासाठी माहीत आहे. याच रस्त्यावर एका अंगाला नेवासे आणि दुसऱ्या अंगाला नगरचा भुईकोट किल्ला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य त्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जवाहरलाल नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. हे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. त्याच बराकींत आचार्य नरेंद्र देव अभिधर्मकोशाचे हिंदी भाषांतर करत होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. मूळ संस्कृत तेव्हा छापलेले नव्हते. त्यांच्या हातात होते बेल्जियन पंडित ला व्हाले पूसँ यांचे १९२३ ते १९३१ मध्ये निघालेले फ्रेंच भाषांतर, आणि ते मुख्यतः ह्युएन त्संगाच्या ६५१ ते ६५४ या काळातल्या चिनी भाषांतरावर उभे होते. संस्कृतातून चिनीत, चिनीतून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून हिंदीत, असा वसुबंधूचा ग्रंथ तेराशे वर्षांचा वळसा घेऊन नगरच्या किल्ल्यात आला. त्यानंतर थोड्याच काळात पुण्यातून गोखल्यांनी त्याच्या मूळ कारिका जगापुढे ठेवल्या. ज्या जिल्ह्यात ज्ञानदेवांनी बौद्ध मताचा मोडलेला दात गणेशाच्या हातात ठेवला, त्याच जिल्ह्यात साडेसहाशे वर्षांनी एका कैद्याने त्या मताचा कोश पुन्हा भारतीय भाषेत लिहायला घेतला. या जिल्ह्यातल्या मुलांना ही दोन्ही नावे एकत्र सांगितली गेली पाहिजेत.

१९५६ मध्ये बापटांनी संपादित केलेला 'बुद्धधर्माची २५०० वर्षे' या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने काढला. राधाकृष्णन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रात या ग्रंथांचा अभ्यास फक्त पंडितांचा राहिला नाही. तो लक्षावधी घरांच्या श्रद्धेचा आणि स्वाभिमानाचा भाग झाला. १९५७ मध्ये दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्या विभाग सुरू झाला, तिथे आधी बापटांनी आणि मग गोखल्यांनी धुरा सांभाळली. पुढे दोघांनी मिळून गुणप्रभाचे 'विनयसूत्र' संपादित केले, ते १९८२ मध्ये पाटण्याहून निघाले. तेव्हा एक अठ्ठ्याऐंशीच्या घरात आणि दुसरा ऐंशी पार केलेला.

इथवर मी चीनचा उल्लेख आपल्या ग्रंथांचे जतन करणारा देश म्हणून केला. पण तिथेच थांबलो तर चीनवर अन्याय होईल आणि आपले नुकसान होईल. बौद्ध धर्म पोहोचण्याआधी पाचशे वर्षे कन्फ्यूशिअस (इ. स. पू. ५५१–४७९) होऊन गेला होता. लाओ त्सेच्या नावाने प्रसिद्ध असलेला ग्रंथ, चुआंग त्से, मेन्शिअस, शुन त्से हे सगळे चीनमध्ये बौद्ध धर्म पोहोचण्याआधीचे. मेन्शिअस विचारतो, की विहिरीत पडू पाहणाऱ्या लेकराला पाहून कोणाचे काळीज हलणार नाही? ते हलणे लौकिकासाठी नसते, त्या लेकराच्या आईबापांची मर्जी राखायलाही नसते. माणसाच्या चांगुलपणाचे बी तिथे आहे, असे तो म्हणतो. शुन त्से उलट म्हणतो, की माणसाचा स्वभाव वाईटच, चांगुलपणा शिक्षणाने आणि शिस्तीने घडवावा लागतो. बुद्धघोष आणि उपतिस्स यांचा प्रकृतींवरचा वाद ज्याने वाचला आहे त्याला इथे एकदम जाग येते. माणूस कसा असतो आणि साधनेने किती बदलतो, हा दोन्हीकडचा प्रश्न एकाच जातीचा आहे. पण चिनी विचारवंत राज्य आणि समाज डोळ्यांपुढे ठेवून विचारतात, तर बौद्ध आचार्य दुःखनिरोध समोर ठेवून. हा फरक पुसून टाकणारी तुलना उपयोगाची नाही.

दुसरे उदाहरण मराठी माणसाच्या अगदी जवळचे. बौद्ध भिक्षू चीनमध्ये गेले तेव्हा त्यांच्यावर पहिला आक्षेप आला तो हा, की तुम्ही घर सोडता, मुंडण करून आईबापांनी दिलेल्या देहाला धक्का लावता आणि वंश थांबवता. आईबापांची सेवा हा कन्फ्यूशिअसच्या विचारातला पाया, म्हणून हा आक्षेप जिव्हारी लागणारा होता. बौद्धांना शतकानुशतके त्याला उत्तर द्यावे लागले. भिक्षूने राजापुढे वाकावे का, हाही प्रश्न आला आणि ४०४ साली हुई-युआनने, वाकू नये, असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला. आता आपल्याकडे पाहा. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने ते घरी परतले आणि त्याचे भोग त्यांच्या मुलांना भोगावे लागले. दुसऱ्या बाजूला पुंडलिक आहे. आईबापांची सेवा सोडायला तो तयार नाही, म्हणून देव विटेवर उभा राहतो. घर आणि संन्यास यांतला ताण दोन्ही संस्कृतींनी सोसला. चीनमध्ये त्याची चर्चा विधी, वंश आणि राजसत्ता यांच्या अंगाने झाली. वारकऱ्यांनी संसारच साधनेची जागा केली. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे शेजारी ठेवली की वारकरी उत्तराचे वेगळेपण जास्त नीट कळते. घरातल्या रोजच्या गोष्टीकडे बाहेरून पाहायला मिळणे, हा या अभ्यासाचा मोठा लाभ आहे.

खंडन करणाऱ्याने प्रतिपक्षाकडून किती घेतले, हेही दोन्हीकडे पाहण्यासारखे आहे. बाराव्या शतकात चू शीने (११३०–१२००) बौद्धांवर कठोर टीका केली आणि कन्फ्यूशिअसच्या परंपरेची नव्याने मांडणी केली. पण त्या मांडणीवर बौद्ध विचाराचा ठसा आहे, हे चिनी अभ्यासकच सांगतात. आपल्याकडे शंकराचार्यांवर प्रच्छन्न बौद्ध असल्याचा आरोप झाला तो याच कारणाने. गोखल्यांनी भव्य या बौद्ध आचार्याच्या 'मध्यमकहृदया'तला वेदान्तावरचा भाग १९५८ मध्ये अभ्यासून प्रसिद्ध केला. शंकरांच्याही आधीचा वेदान्त कसा होता, याची माहिती तिथे एका बौद्धाने दिली आहे, खंडन करण्यासाठी. बौद्धांचा पूर्वपक्ष चीनमध्ये जपला गेला, तसा वेदान्ताचा एक जुना पूर्वपक्ष बौद्धाच्या ग्रंथात.

पूर्वपक्ष आणि उत्तराच्या या रीतीचा आधुनिक प्रयोगही महाराष्ट्रात झाला. १९८३ मध्ये पुण्यात दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांनी पारंपरिक पंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवले. बर्ट्रांड रसेलचे तार्किक विचार पंडितांपुढे संस्कृतात ठेवले गेले आणि पंडितांनी न्यायशास्त्राच्या अंगाने त्यांना उत्तरे दिली. त्याच्या पुष्कळ आधी, १९१६ मध्ये अमळनेरला प्रताप शेठजींच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. तिथे ती. रा. वें. मूर्ती यांच्यासारखे बौद्ध दर्शनाचे अभ्यासक घडले. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी देशातले उत्तम तत्त्वज्ञ एकत्र आले, हे आठवले की ग्रामीण भागात असा अभ्यास होणार नाही ही सबब उरत नाही.

शेवटी या पुस्तकाच्या वाचकांविषयी. पहिला वाचक मला दिसतो तो महाविद्यालयातला विद्यार्थी, ज्याला तत्त्वज्ञान आवडते पण त्यात जागा कुठे, हे ठाऊक नाही. त्याने या अध्यापकांच्या आयुष्यातून एवढे घ्यावे, की आधी एक परंपरा तिच्या मूळ भाषेत नीट शिकावी आणि मग दुसरीकडे जावे. बापटांकडे आधी पक्की पाली होती, चिनी नंतर आली. दुसरा वाचक शिक्षक आहे. त्याने बापटांच्या देवनागरी आवृत्त्यांकडे पाहावे आणि आपल्या विषयात विद्यार्थ्याच्या हातात द्यायला अजून काय उणे आहे ते शोधावे. तिसरा वाचक वारकरी असेल, बौद्ध असेल, कोणत्याही मताचा असेल. त्याने आपल्या मताचे जुने विरोधक कोण होते आणि ते नेमके काय म्हणत होते, हे त्यांच्या शब्दांत वाचावे. त्यामुळे श्रद्धा डळमळत नाही, तिला स्वतःच्या मुद्द्यांची खोली कळते.

काम अजून पुष्कळ बाकी आहे. चिनी त्रिपिटकातला फार मोठा भाग कोणत्याही भारतीय भाषेत आलेला नाही. मेन्शिअस आणि शुन त्से यांचा वाद मराठीत पूर्ण वाचता यावा, चू शीच्या टीका ज्ञानेश्वरीशेजारी ठेवून शिकवता याव्यात, अर्थपदसूत्र थेट चिनीवरून मराठीत यावे, यासाठी नव्या पिढीतल्या चार-दोन माणसांनी आयुष्य द्यायला हवे. या वाटेवर पैसा थोडा मिळतो आणि वेळ फार लागतो. शिवाय १९६२ च्या युद्धानंतर चीनकडे पाहताना आपल्या डोळ्यांपुढे फक्त सीमा उभी राहते. त्या देशाची विचार करण्याची रीत ठाऊक असलेली माणसे नसतील, तर सीमेचा प्रश्नही आपल्याला नीट समजणार नाही. आणि आपल्याच परंपरेतले जे म्हणणे आज फक्त चिनी अक्षरांत उरले आहे, ते वाचायला आपल्यातून कोणी गेले नाही, तर आपण आपल्या पूर्वजांचे अर्धेच संभाषण ऐकत राहू. कोसंबी, बापट आणि गोखले यांनी दुसऱ्या अर्ध्या भागाकडे जाणारी वाट आखून ठेवली आहे. ती पुढे नेणारा विद्यार्थी या तालुक्यातून, या जिल्ह्यातून निघावा, या इच्छेने हे पुस्तक वाचकांच्या हाती देत आहे.

घोडेगाव, ता. नेवासा, जि. अहिल्यानगर